चेहरा घराण्याचा, चाकं स्वतःची

एमजी टीसी जन्माला आली तीच म्हातारी होऊन. १९४५च्या शरदात, महायुद्ध संपून जेमतेम काही आठवडे झाले असताना, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यातून ती बाहेर पडली ती दहा वर्षांपूर्वीचे कपडे अंगावर घालून. मडगार्ड सुटे, दिवे सुटे, दारालगत पाय ठेवायला लांब फूटबोर्ड, पाठीवर पेट्रोलची उघडी चौकोनी टाकी आणि त्या टाकीवर आवळलेली स्टेपनी. नव्या गाड्यांची अंगं तेव्हा गोल आणि एकसंध होऊ लागली होती. हिचा मात्र प्रत्येक अवयव वेगळा मोजता यायचा. पाठीत ताठ, कमरेत बारीक, पाय लांब. आणि एवढी जुनाट असूनही वयस्कर माणसांशी तिचं कधी फारसं जमलं नाही. सैन्यातून सुटलेले वैमानिक, कॉलेजातली पोरं, नुकती नोकरी लागलेले डॉक्टर, असाच घोळका तिच्याभोवती.

तिचे फोटो पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंत ती कोण हे फोटो जपणाऱ्यालाच ठाऊक नसतं. पन्नासच्या दशकात शिकायला विलायतेला गेलेल्या मराठी तरुणांच्या आल्बममध्येही ती अधूनमधून भेटते. सूट, चापून मागे बसवलेले केस, एक पाय गाडीवर, चेहऱ्यावर गाडीमालकाचा भाव. गाडी त्याची असेलच असं नाही, बहुधा नसतेच. घरमालकिणीच्या मुलाची, वर्गमित्राची, नाहीतर रस्त्याकडेला उभी होती म्हणून कुणाचीही. पुढे साठ-सत्तर वर्षांत तिची 'आजोबांची जग्वार' होते. आपल्या घरांत जुनी विलायती गाडी तीनच प्रकारची असते: लहान दिसली तर ऑस्टिन, मोठी दिसली तर रोल्स आणि डोक्यावर टप नसलं की जग्वार. एमजी बिचारी या तिन्हींत बसत नाही.

मला जुन्या गाड्यांचा नाद आहे ही बातमी ओळखीपाळखीत पसरल्यापासून असे फोटो मोबाइलवर येऊन पडतात. खाली प्रश्न एकच: 'कुठली हो ही?' बऱ्याचदा पाठवणाऱ्याने गाडीचं तोंड तेवढं मोठं करून दुसरा फोटोही जोडलेला असतो. हेतू चांगला, पण टीसीच्या बाबतीत नेमका तोच भाग सगळ्यात कमी कामाचा.

कारण ते तोंड तिच्या एकटीचं नाही. उभा चौकोनी रेडिएटर, भोवती क्रोमची चौकट, आत उभ्या पट्ट्या, माथ्याशी अष्टकोनात कोंबलेली एम आणि जी ही दोन अक्षरं. हा तोंडवळा सेसिल किंबरच्या अमदानीत घडला. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिसची मॉरिस गॅरेजेस नावाची विक्री आणि दुरुस्तीची पेढी होती. एमजी हे तिचंच लघुरूप. किंबर तिथे १९२१ साली आला, पुढच्या वर्षी सगळा कारभार त्याच्याकडे गेला, आणि मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखणी, हलकी बॉडी चढवून तो विकू लागला. १९२९ साली कारखाना ऑक्सफर्डहून ॲबिंग्डनला हलला. वेगाइतकंच दिसण्याचंही वेड असलेल्या या माणसाला १९४१ साली कंपनीतून बाहेर पडावं लागलं, आणि फेब्रुवारी १९४५मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या रेल्वे अपघातात तो गेला. टीसी आली त्याच वर्षी, काही महिन्यांनी. तिचं सगळं रूप त्याच्या वळणाचं, पण त्याने ती पाहिली नाही.

टी नावाच्या या घराण्यात एकूण पाच बहिणी. टीए १९३६ची, टीबी १९३९ची, टीसी १९४५ची, टीडी १९४९च्या अखेरची आणि टीएफ १९५३ची. मधली टीई झालीच नाही. धाकटी टीएफ लगेच कळते: तिचा रेडिएटर मागे कललेला, दिवे मडगार्डच्या मांसात बुडालेले. रेडिएटरवरचं झाकण तर निव्वळ शोभेचं, पाणी घालायचं खरं झाकण बॉनेटखाली. तिला बाजूला काढलं की उरलेल्या चौघी समोरून उभ्या राहिल्या तर एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी.

तेव्हा तोंड सोडून पाय बघायचे. टीसीची चाकं एकोणीस इंची, तारांची, एकेका चाकात ४८ तारा, वर साडेचार इंच रुंदीचा बारीक टायर. मधोमध दोन कानांचं मोठं चक्री नट. त्यावर हातोडा घालून चाक सोडवायचं. गाडीची लांबी पुरती बारा फूटही नाही आणि चाकं मात्र जवळजवळ घोडागाडीच्या मापाची, त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोत आधी चाकं दिसतात आणि मग त्यांच्यामध्ये टांगलेली गाडी. टीडीची चाकं पंधरा इंची, पत्र्याची, बशीसारखी बंद. पुढे त्यांना कडेने गोल भोकं आली. फोटो कितीही पुसट असला, गाडी धुक्यात उभी असली, तरी तारांचं उंच चाक आणि पत्र्याचं बुटकं चाक यांत गफलत होत नाही. काही हौशी मालक टीडीलाही नंतर तारांची चाकं बसवून घेत, पण उंची कुठून आणणार? शिवाय टीडीला पुढेमागे बंपर असतात. टीसीला ते नाहीत. मडगार्डच्या पुढे थेट हवा.

टीडी रस्त्यावर टीसीपेक्षा सगळ्या बाबतींत शहाणी. पुढची चाकं आपापली वर-खाली होणारी, स्टिअरिंग नेमकं, बसायला ऐसपैस. तरी टीसीच्या भक्तांनी तिला पाहून नाक मुरडलं: पत्र्याची चाकं म्हणजे धर्म बुडाला! विक्रीने त्यांना उत्तर दिलं. टीसी दहा हजार खपल्या, टीडी २९,६६४. गिऱ्हाइकांचा कौल मान्य करूनही मी म्हणेन की दिसण्याच्या बाबतीत भक्तांचंच बरोबर होतं. टीडी चांगली गाडी आहे. टीसीपुढे उभी केली की जेवून उठल्यासारखी दिसते.

आता ही युद्धाआधीची चाकं, हे युद्धाआधीचे कपडे १९४५ साली का? मुद्दाम जुनं दिसण्याची फॅशन तेव्हा नव्हती. युद्धाच्या वर्षांत ॲबिंग्डनला रणगाड्यांची दुरुस्ती चालली होती. शांतता झाली तेव्हा नवी गाडी आखायला ना वेळ, ना पैसा, ना पोलाद. टीबी १९३९मध्ये निघाली आणि ३७९ गाड्या होतात न होतात तोच युद्धाने तिला थांबवलं होतं. तिलाच बाहेर काढलं, बसायची जागा चार इंचांनी रुंद केली, चासीला पाटे जोडण्याची पद्धत सुधारली आणि नाव दिलं टीसी. १९४५च्या उरलेल्या दिवसांत ८१ गाड्या झाल्या. सरकारचा हुकूम होता की परदेशी विकाल तर पोलाद मिळेल. म्हणजे देशाला डॉलर हवे होते आणि ते मिळवायला पाठवली कोण, तर ही दहा वर्षं जुन्या वेशातली पोरगी.

तिचं बॉनेट इतकं अरुंद का, यालाही कारण आहे आणि ते सौंदर्यशास्त्रातलं नाही. इंग्लंडात मोटारीवरचा वार्षिक कर कित्येक वर्षं सिलिंडरच्या व्यासावर ठरत असे. सिलिंडर रुंद केला की कर वाढायचा. उंच केला तर वाढायचा नाही. मग कारखानदारांनी काय करावं? बारीक आणि उंच इंजिनं बनवली. टीसीचं १२५० सीसीचं इंजिन असंच: व्यास ६६.५ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ९०. मूळ वंश मॉरिस टेन या घरगुती गाडीचा, वर दोन कार्ब्युरेटर चढवलेले. असं इंजिन झाकायला बॉनेटही अरुंद आणि उंचच लागणार. ती करपद्धत युद्धानंतर काही वर्षांत गेली, पण फोटोतल्या त्या निमुळत्या, पाठीच्या कण्यावर बिजागरी असलेल्या बॉनेटवर ब्रिटिश करखात्याचा हात अजून दिसतो.

टीडी-टीएफ वगळल्या तरी थोरल्या दोघी उरतातच. टीए, टीबी आणि टीसी तिघींना तारांची उंच चाकं, तिघींना बंपर नाही, तिघींच्या मागे चौकोनी टाकी. इथे ओळख इंचांवर येते. टीएच्या आणि टीबीच्या फूटबोर्डावर पाय घसरू नये म्हणून तीन लांब पट्ट्या असतात. टीसीच्या फूटबोर्डावर दोन. बस, एवढंच. बसायच्या जागेची चार इंच रुंदी फोटोतून मोजणं अवघड, विशेषतः आत दोन जाड ओव्हरकोट बसलेले असतील तर. पण पट्ट्या मोजता येतात. फोटो काढून घेणारा पाहुणा मात्र नेमका तिथेच पाय ठेवून उभा असतो. पुरुषांना या गाडीजवळ उभं केलं की पाय आपोआप फूटबोर्डावर जातो. गाडीने आज्ञा केल्यासारखा.

एका स्नेह्यांनी पाठवलेला फोटो असाच होता. त्यांचे काका पन्नासच्या दशकात ऑक्सफर्डला शिकत होते. फोटोत ते डाव्या बाजूला, उजवा पाय फूटबोर्डावर. पाटीवरची अक्षरं दिसत होती, आकडे पँटच्या पायाआड. घरातली परंपरा दोन गोष्टी सांगत होती: गाडी काळी होती आणि ती जग्वार होती.

जग्वार आधी निकालात काढू. त्या काळातल्या जग्वार घराण्यात या वेशाची एकच, एसएस १००, युद्धाआधीची. तिचे पुढचे दिवे परातीएवढे, त्यांवर जाळी. ती सगळ्या मिळून तीनशेच्या आसपासच बनली, म्हणजे तुमच्या-आमच्या काकांचा पाय तिच्यावर पडण्याचा योग फार दुर्मीळ. युद्धानंतर १९४८ला आलेली एक्सके १२० तर पाण्यातल्या माशासारखी अखंड. तिला फूटबोर्डच नाही, काका पाय ठेवणार कुठे? एचआरजी नावाची एक थोड्याच संख्येत बनलेली गाडी टीसीशी गल्लत करायला लावते, पण तिचा पुढचा आस रेडिएटरच्याही पुढे असतो, जणू चाकं गाडीच्या आधी पोचायच्या घाईत आहेत. मॉर्गनचीही पुढची चाकं बघावीत: ती आसावर नसतात, दोन उभ्या खांबांवर सरकत वर-खाली होतात. स्नेह्यांच्या फोटोत पुढचा आस रेडिएटरच्या खाली, सरळ, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. एमजी नक्की.

मग दार. टीसीच्या दाराला वरच्या कडेला खोल खाच असते, कोपर बाहेर काढून बसता यावं म्हणून. बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार पुढून उघडतं. चालत्या गाडीत चुकून उघडलं तर वारा ते धरून मागे फेकतो. पण ही खाच आणि या बिजागऱ्या सगळ्या बहिणींना आहेत. चाकं तारांची, एकोणीस इंची. काकांच्या बुटाच्या अलीकडे फूटबोर्डाचा वीतभर तुकडा मोकळा होता. फोटो पुन्हा, जास्त बारकाईने स्कॅन करून मागवला तेव्हा त्या तुकड्यात पट्ट्या दिसल्या. दोन. टीसी.

पाटीवरच्या अक्षरांतली शेवटची दोन जे आणि ओ. त्या काळच्या ब्रिटिश पाट्यांवर तीन अक्षरांतली शेवटची दोन अक्षरं गाव किंवा परगणा सांगतात, आणि जेओ म्हणजे ऑक्सफर्ड शहर. एफसी आणि डब्ल्यूएल हीसुद्धा तिथलीच. किंबरने १९२५ साली स्पर्धेसाठी बांधून घेतलेल्या 'ओल्ड नंबर वन' या प्रसिद्ध गाडीची पाटी एफसी ७९०० अशी आहे. या अक्षरांवरून गाडी पहिल्यांदा कुठे नोंदली गेली ते कळतं. फोटो कुठे काढला ते नाही, कारण पाटी जन्मभर गाडीबरोबर फिरते. या फोटोत दोन्ही गोष्टी एकाच गावाच्या निघाल्या हा योगायोगही फार मोठा नाही. ऑक्सफर्ड ते ॲबिंग्डन अंतर दहा-बारा किलोमीटर. गाडी माहेराच्या वेशीवरच राहिली होती. काका तिथे पोचले तेव्हा टीसीचं उत्पादन थांबून काही वर्षं झाली होती, म्हणजे ती कुणाची तरी दुसऱ्या हातची, एखाद्या विद्यार्थ्याला परवडेल अशी. परिस्थितीलाही हे शोभतं.

राहिला रंग. कृष्णधवल फोटोत काळी दिसते म्हणजे काळी होती हे खरं धरता येत नाही. कोडॅकची व्हेरिक्रोम ही त्या काळी घरोघरी वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल वस्तू तिच्यावर जवळजवळ काळी उमटायची. लालही दिसू शकणारी व्हेरिक्रोम पॅन १९५६ला आली. टीसी सुरुवातीला फक्त काळ्या रंगात मिळायची, नंतर लाल आणि हिरवीही मिळू लागली. तेव्हा काकांची गाडी काळी असेल, नाहीतर भडक लाल असेल. स्नेह्यांना लाल ही कल्पना फारशी रुचली नाही. काका गंभीर स्वभावाचे होते म्हणे.

अजून एक पारख सांगून ठेवतो. टीसीचं स्टिअरिंग नेहमी उजवीकडे. अमेरिकेला गेली तरी उजवीकडे. डावीकडे स्टिअरिंग कारखान्यातून मिळू लागलं ते टीडीपासून. फोटोत तारांची उंच चाकं आणि स्टिअरिंग डावीकडे असं दिसलं, तर आधी छापणाऱ्याने निगेटिव्ह उलटी धरली का ते बघावं. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसली, कोटाची बटणं बायकी बाजूला गेली, की समजावं. आणि तारांच्या चाकांच्या टीसीला बंपर दिसलाच तर १९४८च्या अखेरीपासून खास अमेरिकेसाठी निघालेल्या गाड्यांपैकी ती असू शकते.

एवढी पारख झाली, आता तिच्या स्वभावाचं. चालवायला ती सोपी नाही. पुढेही सरळ आस, मागेही सरळ आस, चारही चाकांना पाटे, आणि पाटे कडक. रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा हे ती बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्याला सांगते. स्टिअरिंगला जन्मजात ढिलेपणा. सरळ रस्त्यावरही हात सतत थोडे इकडे, थोडे तिकडे करत राहावे लागतात. बॉडीचा सांगाडा ॲशच्या लाकडाचा, त्यावर पत्रा. लाकूड म्हणजे ऋतूंप्रमाणे फुगणार, आकसणार, करकरणार. जुन्या टीसीची दारं लोंबतात ती यामुळेच. पुढची काच बिजागरीवरून आडवी पाडता येते, आणि ती पाडून तोंडावर वारा घेत गाडी हाकणं हा सगळ्या खेळाचा कळस मानला जाई. शक्ती ५४ अश्वांची. आज आपल्या रस्त्यावरची साधी हॅचबॅकही याहून जोरकस असते. वेग फार तर ताशी ७५ मैलांच्या आसपास. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर, दार कमरेइतकंच, चाकं डोळ्यांसमोर नाचताना दिसतात. अशा जागी बसून ताशी पन्नास मैलही पुष्कळ वाटतात.

तिच्या आतल्या मांडणीतली एक गोष्ट मला विशेष आवडते. इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ चालकासमोर आणि वेग दाखवणारं घड्याळ शेजारच्याच्या समोर. म्हणजे चालवणाऱ्याने इंजिनाचं ऐकायचं आणि किती जोरात चाललोय याची काळजी शेजारी बसलेल्या व्यक्तीने करायची. या एका मांडणीवरून किती लग्नं ठरली आणि किती मोडली याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

आणि हे सगळं कोणत्या काळात? ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग मे १९५०मध्ये उठलं. टीसीचं उत्पादन १९४९च्या अखेरीस संपलं. म्हणजे ही गाडी कारखान्यातून निघत होती त्या सगळ्या काळात तिच्या मायदेशात एकही दिवस पेट्रोल मोकळं मिळालं नाही. त्यात मधले काही महिने खासगी फिरण्यासाठीचं पेट्रोलच बंद होतं. अशा देशात, जिथे पोटासाठी पाव आणि गाडीसाठी पेट्रोल कुपनावर, तिथे दोनच माणसांची, टप नीट न बसणारी, सामानाला जागा नसलेली गाडी कोण घेणार? तरी घेणारे रांगेत उभे होते. सहा वर्षं दुसऱ्यांच्या हुकमावर जगलेल्या पिढीला सोयीची गाडी नको असावी.

दहा हजारांतल्या दोन तृतीयांशांच्या आसपास गाड्या परदेशी गेल्या. अमेरिकेत गेल्या त्या फक्त सुमारे दोन हजार, पण डोळ्यांत भरल्या त्या तिथेच. घराएवढ्या, मऊ, क्रोमने लडबडलेल्या मोटारींच्या देशात ही काटकुळी उतरली आणि तिथल्या तरुणांना शर्यतीची चटक लावून बसली. कॅलिफोर्नियातल्या फिल हिलच्या शर्यतींच्या सुरुवातीला टीसी होती. हाच हिल १९६१ साली फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. टेक्ससच्या कॅरल शेल्बीने १९५२ साली पहिल्यांदा शर्यतीत भाग घेतला तो मित्राच्या टीसीतून, आणि सात वर्षांनी त्याने ॲस्टन मार्टिन चालवून ले मान्स जिंकलं. टीसी स्वतः मोठ्या शर्यती फारशा जिंकली नाही. तिने जिंकणारी माणसं घडवली, असं म्हणणं अतिशयोक्तीचं नाही.

एक सावधगिरी. फोटो रंगीत आणि १९७०नंतरचा असेल तर जरा संशयाने बघावं. बीटल मोटारीच्या चासीवर फायबरग्लासची टीडीसारखी बॉडी बसवायचे संच पुढे अमेरिकेत विकले गेले. रेडिएटर लावलेला असतो, पण त्यामागे इंजिन नसतं. ते बीटलच्या रीतीने मागे. अशा तोतयांची चाकं नेमकी लबाडी उघडी पाडतात, कारण ती बीटलचीच असतात.

खरी आणि तोतया यांचा शेवटचा निवाडा चासी क्रमांकावर होतो, आणि तो फोटोत कधीच दिसत नाही. टीसीचे क्रमांक ०२५१पासून सुरू होतात. एकपासून का नाही? कारण २५१ हा ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन क्रमांक होता. प्रत्येक नव्या मॉडेलची मोजणी तिथून सुरू करायची अशी कारखान्याची रीत होती. असल्या बारीक खोडसाळपणावरून मला त्या कारखान्यातली माणसं आवडतात.

कारखाना १९८०च्या ऑक्टोबरात बंद झाला. अष्टकोन मात्र विकत घेतला, पुन्हा विकला असा फिरत राहिला आणि शेवटी शांघायच्या सैक कंपनीकडे पोचला. २०१९पासून तो भारतातही आहे. पुण्याच्या सिग्नलला हेक्टर थांबली की तिच्या नाकावर तेच एम आणि जी, तोच अष्टकोन. नाव तेच, वंश मात्र पार वेगळा. ज्यांच्या घरी टीसीचा जुना फोटो आहे त्यांनी नव्या गाडीवरून जुनीची ओळख पटवायचा प्रयत्न करू नये, काही जुळणार नाही.

तुमच्या आल्बममध्ये अशी एखादी गाडी असेल तर एवढं करा. फोटो मोबाइलने टिपून पाठवू नका, स्कॅन करा, आणि शक्य तितक्या बारकाईने करा. गाडीचं तोंड मोठं करण्यासाठी कडा कापू नका. चाकं, फूटबोर्ड आणि पाटी कडेलाच असतात. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण तिथे स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, एखादी तारीख सापडते. आणि शेजारी कोण उभं आहे हे सांगू शकणारं माणूस घरात अजून असेल, तर गाडीच्या आधी त्यांना विचारून फोटोतल्या माणसाचं नाव लिहून ठेवा. टीसी चाकांवरून ओळखता येते. काकांची तशी सोय नाही.